अज्ञात कलाकार

ओविडिओ बार्रियानं लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवला,
त्यावर लोकरी मोज्यात गुंडाळलेली कोरी हार्ड डिस्क,
आणि टोपी न काढताच म्हणाला,
"घर भरलं. गाणी आता शेजारी हलवायची."

जून महिना. पुंता अरेनासमध्ये सकाळी दहाला उजाडतं,
तेही नाइलाजानं.

मी म्हटलं, सोपं आहे.
एक केबल, एक रात्र, एक्केचाळीस हजार फाइली.
मग लायब्ररीला नवा पत्ता सांगायचा.
फक्त एक लक्षात ठेवा: डिस्क काढून नेलीत
तर नावं इथे राहतात, आवाज तुमच्या खिशात जातो,
आणि प्रत्येक नावापुढे एक उद्गारचिन्ह उभं राहतं
किल्ली विसरून आलेल्या माणसासारखं.

चूक माझी.
एका चौकटीत आधीपासूनच खूण होती:
'फाइली नीटनेटक्या ठेवा.'
मी ती काढली नाही.
नीटनेटकेपणाला कोण नाही म्हणतं?

रात्रभर डिस्क दाढेखाली वाळू आल्यासारखी कुरकुरली.
सकाळी सगळं जागच्या जागी होतं
आणि त्याला काहीच सापडेना.

त्याचे फोल्डर असे होते:
'एदेल्मिराच्या स्वयंपाकघरात'.
'लोकर कातरायची शेड, ब्याण्णव'.
'फेरीवर, उलट्या होत असताना'.
'वडील झोपल्यावर, हळू'.
यंत्रानं ते मोडले, अक्षरांप्रमाणे रांग लावली,
ज्यांची नावं कुठेतरी छापून आली होती
त्यांना स्वतंत्र खोल्या दिल्या.
उरलेले सहा हजार दोनशे अकरा
एकाच खोलीत कोंबले
आणि दारावर लिहिलं: अज्ञात कलाकार.

त्यात एदेल्मिराचा अकॉर्डियन,
डावीकडचं एक बटण दाबलं की खोकणारा.
त्यात त्याची मुलगी, नऊ वर्षांची,
व्हायोलिनवर एकच ओळ सतरा वेळा.
त्यात सुतार काल्बुआन्ते, जो फक्त रंधा मारताना गायचा
आणि रंधा थांबला की लाजायचा.
थोड्या मेंढ्याही.
ज्यांचा खोकला तो अंधारात ओळखेल
नेमके तेवढेच अज्ञात.

ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं स्टूल ओढलं,
हेडफोन टोपीवरूनच चढवले,
म्हणाला, "लिहून घे."

तेव्हापासून दर गुरुवारी येतो.
तो ऐकतो, मी टाइप करतो.
कलाकार: एदेल्मिरा व्हिदाल.
साल: पाइप फुटले तो हिवाळा.
सालाच्या रकान्यात चारच अंक मावतात,
मी अंदाजानं काहीतरी घालतो, त्याला सांगत नाही.
प्रकार विचारला की तो वाऱ्याची दिशा सांगतो.
मी लिहितो: पश्चिमेचा, खिडकी उघडी.

एकच प्रत म्हणजे प्रतच नव्हे, हे मीच त्याला शिकवलं.
म्हणून दुसरी डिस्क सामुद्रधुनी ओलांडून पोर्व्हेनीरला गेली,
बहिणीकडे. इस्मेनिया ती पिठाच्या डब्यात ठेवते.
तिच्याकडे कॉम्प्युटर नाही.
तरी फोनवर सांगते, सगळी ठीक आहेत.

काल एक फाइल निघाली. एक मिनिट चार सेकंद.
गाणं नाही. दार. ओले बूट.
कुणीतरी खुर्ची सरकवतं,
गायच्या आधी घेतात तसा श्वास घेतं,
आणि टेप संपते.

त्यानं तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली.
"कोण?"
"माहीत नाही."
"पुसू?"
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
जणू मी त्याच्या ताटातली भाकर उचलली.
"राहू दे तिथेच. तो फोल्डर त्याचाच आहे,
बाकीचे सगळे घुसलेत."

मग नाक पुसलं, थंडीनं असेल,
आणि म्हणाला, "पुढचं लाव."